दूरचे घर आणि जवळचे नाते

दुरून माल घेण्यास व्यापारी कधी भीत नाही. लातूरची तूर, मध्य प्रदेशातील शरबती गहू, सोलापूरकडील मालदांडी ज्वारी हा सारा माल आमच्या बेळगावच्या रविवार पेठेत वर्षानुवर्षे येत आहे. पण तो घेण्यापूर्वी आम्ही कोणाच्या शेतात जाऊन उभे राहतो असे नाही. वानगी येते, भाव ठरतो, आडत्या माल भरून देतो, काट्यावर वजन होते, आणि वानगीप्रमाणे माल उतरला नाही तर कडता कापून घेण्याची रीत उभय पक्षांस ठाऊक असते. शेकडो कोसांवरचा हा व्यवहार बिनबोभाट चालतो, कारण त्यात प्रत्येक पायरीस एक कागद असतो व प्रत्येक कामास मोबदला घेणारा एक माणूस असतो. हाच व्यापारी जेव्हा परगावी भाड्याने देण्यासाठी पहिले घर घेतो, तेव्हा मात्र ही सारी शिस्त पेढीच्या उंबरठ्यावर ठेवून निघतो. मग वानगी नाही, काटा नाही, पावती नाही. "तेथे आपला भाचा आहे, तो पाहून घेईल," एवढ्या एका वाक्यावर जन्माची पुंजी रवाना होते. या वाक्याविरुद्ध मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

गेल्या काही वर्षांत बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागांतील आपल्या कित्येक सभासदांनी पुण्यास सदनिका घेतल्या आहेत. त्यात नवल नाही. मुले शिक्षणासाठी तेथे गेली व नोकरी धरून तेथेच राहिली. पेढीवर बसण्यास पुढची पिढी फारशी राजी नाही. सरकारी नोकरास निवृत्तिवेतन असते. व्यापाऱ्यास हातपाय चालतात तोवरच प्राप्ती. साठी उलटल्यावर दरमहा ठराविक रक्कम घरी यावी, आपल्या पश्चात पत्नीस कोणापुढे हात पसरावा लागू नये, ही इच्छा या घरखरेदीच्या मागे असते व ती सर्वस्वी योग्य आहे. परंतु तुरीत एका हंगामास आलेला तोटा पुढील हंगामात भरून निघतो. साठाव्या वर्षी घरात अडकलेली रक्कम भरून काढण्यास तितके हंगाम हाती उरलेले नसतात. म्हणून या व्यवहारात अधिक जपावयास हवे, आणि नेमके येथेच आपण कमी जपतो.

आमच्या बाजारातील एका सद्गृहस्थांची हकीकत नाव न घेता सांगतो. त्यांनी पुण्यास एक जुनी सदनिका घेतली व तिच्या दुरुस्तीचे काम जावयावर सोपविले. जावई सुशिक्षित व सरळ मनाचे. सकाळी कामावर जावे, रात्री परतावे, असा त्यांचा क्रम. ओळखीच्या एका मिस्त्रीस काम देऊन ते रविवारी तेवढी फेरी मारीत. तीन महिन्यांचे काम नऊ महिने चालले. खर्च ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. न्हाणीघरास सुंदर फरशी बसली, पण तिच्याखाली पाणी झिरपून खालच्या बिऱ्हाडाच्या छतास ओल आली व ती फरशी पुन्हा उखडावी लागली. आता विचारावयाचे कोणास? मिस्त्री केव्हाच दुसऱ्या कामावर गेला होता. जावईबापूंकडे हिशेब मागावयाचा कसा? मागितला नाही म्हणून संशय मिटतो असेही नाही. एके दिवशी घरात एक शब्द वाकडा गेला, तो मुलीच्या कानी पडला, आणि सलग दोन दिवाळ्या ती लेक माहेरी आली नाही. यातील खरे दुःख असे की, जावयाने एक रुपयाही खाल्लेला नव्हता. उलट स्वतःच्या पदरचे पेट्रोल जाळून त्यांनी आपले सारे रविवार त्या कामी घातले होते.

या प्रकरणात अप्रामाणिक कोणीच नव्हते. चूक होती ती रचनेत. मोबदला न देता एखाद्यास काम सांगितले की, त्याजकडे हिशेब मागण्याचा हक्कही आपणाजवळ राहत नाही. दिवाणजी पगार घेतो म्हणून त्यास रोजमेळ दाखवावा लागतो. जावई, भाचा, पुतण्या हे पगार घेत नाहीत. ते उपकार करतात, आणि उपकाराची खतावणी कोणी ठेवीत नाही. आपण त्यांचा वेळ फुकट वापरतो व वर त्यांच्या कामात खोट काढतो, हा त्यांच्यावर अन्यायच होय. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: दूरच्या घराचा कारभार नात्यावर चालवू नये, पगारावर व कागदावर चालवावा. नात्याचे रक्षण करावयाचे असेल तर ते व्यवहाराच्या ओझ्याखालून मोकळे ठेवले पाहिजे.

आता घर घेण्यापूर्वीचा हिशेब पाहू. समजा, ६० लाख रुपयांची जुनी सदनिका घेतली. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील व दलाल मिळून सुमारे ५ लाख आणि दुरुस्तीस ५ लाख धरले, म्हणजे ७० लाख गुंतले. दरमहा २० हजार भाडे आले तर वर्षाचे २ लाख ४० हजार झाले. त्यातून एक महिना घर रिकामे राहिल्याचे २० हजार, सोसायटीची वर्गणी ३६ हजार, मिळकत कर १५ हजार, देखरेख, किरकोळ दुरुस्ती व जाण्यायेण्याचे २९ हजार असे १ लाख वजा केले की, १ लाख ४० हजार उरतात. शेकडा २ ची ही प्राप्ती, आणि प्राप्तिकर अद्याप द्यावयाचाच आहे. आकडे प्रत्येकाचे निराळे येतील, पण रीत हीच राहील. केवळ भाड्याच्या आशेने घर घेणाऱ्यास बँकेतील ठेव अधिक देते, हे आधी मनाशी कबूल करावे. घराची किंमत वाढेल, पुढे मुलांस ते राहण्यास होईल, हा हेतू असेल तर घर घ्यावे. परंतु मग कर्जाचा हप्ता भाड्यातून फिटेल या भरवशावर राहू नये.

आणखी दोन बाबी आपल्या लोकांच्या ध्यानात बहुधा नसतात. पुण्यात मालक स्वतः राहत असल्यास महानगरपालिका मिळकत करात सवलत देते. घर भाड्याने दिल्यास ती मिळत नाही. तसेच घर भाड्याने दिले की, सहकारी गृहनिर्माण संस्था बिनभोगवटा शुल्क आकारते. २००१ सालच्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या शेकडा १० पेक्षा अधिक घेता येत नाही. मागणी अधिक आल्यास हा आदेश नम्रपणे दाखवावा.

खरेदी कोणाच्या नावे करावी, हा पुढील प्रश्न. "भाचा तेथेच आहे, सह्यांस सोयीचा पडेल, त्याच्याच नावे घेऊ," असे म्हणणारे सभासद मी ऐकले आहेत. त्यांनी बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा आधी समजून घ्यावा. १९८८ चा हा कायदा २०१६ साली कडक झाला. पैसा एकाचा व नाव दुसऱ्याचे असे घर सरकारजमा होऊ शकते, आणि एक ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे. आपल्या उघड उत्पन्नातून पत्नीच्या वा मुलांच्या नावे घेतलेल्या घरास त्यातून सूट आहे. भाच्यापुतण्यास ती नाही. म्हणजे सोयीसाठी म्हणून आपण त्या बिचाऱ्या पोरास खटल्यात उभे करावयाचे. त्याहून पत्नीचे नाव घालणे बरे. ज्या उद्देशाने घर घ्यावयाचे तो त्याने आपोआप साधतो, आणि महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे खरेदी झाल्यास मुद्रांक शुल्कात शेकडा एकाची सवलतही २०२१ पासून मिळते.

मुखत्यारपत्राविषयीही असेच. केवळ सर्वसाधारण मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा असा माल कितीही स्वस्त असला तरी त्यास हात लावू नये. आपणही कोणास मुखत्यार नेमाल तर विशेष मुखत्यारपत्र द्यावे. अमुक दस्त नोंदवावा, अमुक अर्जावर सही करावी, एवढेच त्यात असावे. विकणे, गहाण टाकणे, पैसे स्वीकारणे हे अधिकार मोकळेपणाने कोणाच्याही हाती देऊ नयेत. यात अविश्वास नाही. उद्या दुर्दैवाने आपण डोळे मिटले, तर मागे राहिलेल्यांस कोणावर बोट ठेवण्याचा प्रसंग येऊ नये, एवढाच त्यातील हेतू.

रोखीचा मोह टाळावा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून मनाई आहे. किंमत ५० लाख वा त्यापुढे असल्यास शेकडा १ कर कापून सरकारात भरण्याची जबाबदारी २०१३ पासून घेणाऱ्यावर आहे. विकणारा गोड बोलून "मी भरीन" म्हणाला तरी ती आपलीच राहते.

कागद पाहण्यासाठी वकील आपला असावा. विकणाराने सुचविलेला नसावा. त्याच्याकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील सूची क्रमांक दोन, मिळकत पत्रिका, महानगरपालिकेचा पूर्णत्वाचा दाखला, संस्थेचा भाग दाखला व ना-बाकी दाखला हे कागद नजरेखालून घालावेत. जुन्या इमारतीत आणखी एक गोष्ट अवश्य विचारावी: जमीन संस्थेच्या नावे झाली आहे काय? १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने ती करून देणे बांधणाऱ्यावर बंधनकारक आहे, तरीही कित्येक संस्थांचे ते काम राहून गेले आहे. उद्या इमारत पाडून नवी बांधावयाची वेळ आली की, हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. आणि क्षेत्र विचारताना चटई क्षेत्र विचारावे. बारदानासह वजन सांगणाऱ्यास आपण बाजारात हसतो. भिंती, जिना, व्हरांडा धरून सांगितलेले क्षेत्र हे त्यातलेच.

हे झाले कागदांचे. घर मात्र स्वतःच्या पायांनी जाऊन पाहावे. धान्याची वानगी हातात येते, घराची वानगी पाठवता येत नाही, आणि मोबाईलवर आलेल्या छायाचित्रात ओल दिसत नाही, वास येत नाही, शेजार कळत नाही. बेळगावाहून पुणे सुमारे ३४० किलोमीटर. रात्री गाडीत बसलेला मनुष्य पहाटे तेथे उतरतो. ६० लाखांच्या मालासाठी तीन फेऱ्या जड नाहीत. मी स्वतः एक फेरी भर आषाढात केली होती व तीच सर्वांत उपयोगी पडली. पावसाळ्यात छत, खिडक्यांच्या चौकटी, गच्चीखालच्या खोल्या आपली हकीकत आपणच सांगतात. दुसरी फेरी एप्रिल-मेमध्ये करून नळास पाणी किती वेळ येते व सोसायटी टँकरवर किती खर्च करते, हे रखवालदारास विचारावे. जाहिरातीत ही माहिती नसते. नदीकाठच्या वस्तीत पूररेषा विचारल्यावाचून बयाणा देऊ नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले ती गोष्ट जुनी झाली असे कोणी म्हणेल. परंतु २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले. दूर बसलेल्या खरेदीदारास नदी दिसत नाही, केवळ भाव उतरलेला दिसतो.

दुरुस्तीच्या कामात आपला सर्वाधिक पैसा वाया जातो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. पहिली गोष्ट, स्वतंत्र स्थापत्य अभियंता नेमावा व त्यास त्याची फी द्यावी. तो व ठेकेदार हे दोन निरनिराळे असावेत. माल भरणारा व वजन करणारा एकच असेल तर काट्यास अर्थ राहत नाही. अभियंत्याने कामाची मापे व दर यांची यादी करावी, त्या यादीवर दोन-तीन ठेकेदारांकडून भाव घ्यावेत. "सगळे मिळून पाच लाखांत करून देतो," या बोलीवर काम देऊ नये. अशा बोलीत काय आले व काय राहिले, यावरच पुढे भांडणे होतात.

दुसरी गोष्ट, कामाचा क्रम. आधी पाणी अडवावे, मग सांडपाण्याचे नळ, मग विजेच्या तारा, त्यानंतर गिलावा व शेवटी रंग. जुन्या घरांतून गंजलेले लोखंडी नळ भिंतीत असतात. फरशी उखडलेली असतानाच ते बदलावेत. न्हाणीघराची फरशी बसविण्यापूर्वी पाणीरोधक थर देऊन मोऱ्या बंद कराव्यात व जमिनीवर पाणी साठवून निदान चोवीस तास तसेच ठेवावे, आणि खालच्या बिऱ्हाडात जाऊन छत पाहावे. हा दोन दिवसांचा उशीर पुढील कित्येक वर्षांचे भांडण वाचवितो. विजेच्या तारा जुन्या असतील तर सर्व बदलाव्यात व गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र अवश्य बसवावे. भाडेकरूच्या लेकरास धक्का बसला तर त्याचे पातक आपल्या माथी येते. खांब, तुळया वा भार घेणारी भिंत यांस धक्का लावू नये, आणि काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी.

तिसरी गोष्ट, पैसे देण्याची पद्धत. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी, व प्रत्येक टप्पा अभियंत्याने पाहून सही केल्यावरच द्यावी. भिंत उघडी असताना नळ व तारा कोठून गेल्या आहेत त्यांची छायाचित्रे मागवून घ्यावीत. पुढे खिळा मारणारा प्रत्येक जण त्याबद्दल आपणास दुवा देईल. बिलातील शेकडा १० रक्कम एक पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवण्याची अट आरंभीच लिहून घ्यावी. आपल्या धंद्यातील कडत्याचीच ही रीत आहे, आणि प्रामाणिक ठेकेदार तिला नाही म्हणत नाही. पक्की बिले घेऊन जपून ठेवावीत. भाड्याच्या उत्पन्नातून महानगरपालिकेचा भरलेला कर वजा जाता शेकडा ३० ची सरसकट सूट मिळते, तेथे ही बिले चालत नाहीत. परंतु घरात केलेल्या कायमच्या सुधारणेचा खर्च पुढे घर विकताना नफ्यातून वजा मागता येतो. त्या वेळी मिस्त्रीच्या चिठोऱ्यास कोणी विचारीत नाही.

आणि सजावटीचा सोस नसावा. भाड्याचे घर कोरडे, उजेडाचे, स्वच्छ व टिकाऊ असले म्हणजे पुरे. संगमरवर व नक्षीची छते यांमुळे भाडे फारसे वाढत नाही, दुरुस्ती मात्र वाढते.

घर तयार झाले की, भाडेकरूचा प्रश्न. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची धास्ती होती व ती साधार होती. भाडे गोठले, घर परत मिळेना, असे पुष्कळांचे झाले. त्या भीतीने आजही काही सभासद पुण्यातील घर कुलूप लावून ठेवतात, किंवा "आपल्यातलाच आहे, करार कशाला" म्हणून तोंडी बोलीवर देतात. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. त्यातील २४ व्या कलमाने अनुज्ञप्तीची, म्हणजे लिव्ह अँड लायसेन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळण्याचा सुटसुटीत मार्ग दिला आहे. मुदतीनंतर न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. परंतु ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदला नाही तर अटींविषयी भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा करार आता आधार पडताळणी करून घरबसल्याही नोंदता येतो. म्हणजे दूर राहण्याची सबब येथे उरलेली नाही. आपल्यातला आहे म्हणून करार टाळणे म्हणजे त्याच्याशी पुढे होणाऱ्या भांडणास आजच आमंत्रण देणे होय. अनामत रक्कम ही दुसऱ्याची ठेव आहे असे समजून निराळी ठेवावी व घर सुटताच, वाजवी वजावट दाखवून, त्याच दिवशी परत करावी. बाजारात आपली जी पत आहे तीच तेथेही असावी.

आता एक आक्षेप येईल. "पगारी माणूस चोरी करील, घरचा माणूस निदान आपला असतो." यावर माझे उत्तर असे की, पगारी माणसाची चूक सापडली तर त्यास बदलता येते. जावई बदलता येत नाही. महिन्यास एक फेरी, भाडे व बिले यांचा एक कागद, वर्षातून दोनदा घराची तपासणी, एवढ्या कामास गावातील भरवशाचा माणूस वा संस्था वाजवी फी घेऊन मिळते, आणि ती फी वरच्या हिशेबात मी आधीच धरली आहे. भाच्याजवळ फार तर एक जादा किल्ली असू द्यावी. पुण्यास गेलात की त्याच्याकडे जेवावयास जावे, त्याच्या मुलांस खाऊ न्यावा, आणि घराचा विषय ताटावर काढू नये.

शेवटी संघाच्या कार्यकारिणीस एक सूचना. आपल्या संघाने गाळे, तोल, कर या बाबतींत सभासदांस नेहमीच मार्गदर्शन केले आहे. आता परगावी घर घेणाऱ्या सभासदांसाठी एक छोटी समिती नेमावी. पुण्यातील दोन-तीन निष्णात वकील व अभियंते यांची यादी, दुरुस्तीच्या कराराचा व विशेष मुखत्यारपत्राचा नमुना, आणि अनुज्ञप्ती कराराचा मसुदा संघाच्या कचेरीत सभासदांस पाहावयास मिळावा. वर्षातून एकदा, ज्यांनी घरे घेतली आहेत त्यांनी आपले खरे आकडे इतरांपुढे मांडावेत. धान्याचा भाव आपण एकमेकांपासून लपवीत नाही. मग घराचा हिशेब का लपवावा? एवढे झाले तर आपल्या पुष्कळ कुटुंबांची पुंजी सुरक्षित राहील, आणि दिवाळीस लेकी-जावई मोकळ्या मनाने घरी येतील.